चौदा नंबरची खोली

पेडगाव,
३ नोव्हेंबर १९७४

भाऊ,

तुला माझा आणि आईचा जयभीम. तुझं पत्र आलं तेव्हा मी परभणीहून नुकतीच घरी पोचले होते. बदलीच्या जागेवर का होईना, मी आता शिक्षिका आहे आणि रोज गाडीनं जाऊन-येऊन करते. ‘ठेकेदारानं खोली दिली’ ही तुझी ओळ मी आईला दोनदा वाचून दाखवली. वहिनी चुलीपुढं होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचा हात थांबला.

आता मुद्द्याचं लिहिते. वहिनीला तिकडं घेऊन जा. लग्न झालं तेव्हा तू दुष्काळी कामावर खडीच्या ट्रकवर होतास. तिथं गाडी शिकलास आणि तिथूनच थेट गुजरातेत तेलाच्या विहिरींवर गेलास. वहिनी दिवसभर लोकांच्या रानात निंदते आणि घरी आली की आईचा दमा सांभाळते. हा कसला संसार?

आई म्हणते, “ट्रकवाल्यांच्यात बाईमाणूस ऱ्हातं का कुठं? आन मला कोण बघंल?” मी म्हटलं, मी बघेन. नवरा-बायकोनं एकत्र राहणं ही चैन नव्हे, तो त्यांचा हक्क आहे. त्यावर आई म्हणाली, “तुजं बी.ए. झाल्यापासून घरात हक्कच लय झालेत.”

तिला बोलू दे. तू फक्त ‘पाठव’ एवढं लिही, बाकीचं मी बघते.

तुझी बहीण,
कौसल्या


तेलविहिरींचा कॅम्प, मेहसाण्याजवळ
१९ नोव्हेंबर १९७४

कौसल्येस सूर्यभानचा जयभीम.

खोली हाय हे खरं, पण तू समजलीस तशी न्हाई. खोली मला दिलेली न्हाई, गाडीला दिलेली हाय. दारावर पांढऱ्या रंगानं १४ काढलाय. चौदा नंबरच्या टँकरवर जे दोन ड्रायव्हर असतील त्यांची ती खोली. दिवसपाळीला मी, रातपाळीला पंडित. मी निघालो की तो माझ्या अंथरुणात, तो निघाला की मी त्याच्या. अंथरूण गार व्हायला फुरसतच न्हाई. ज्या गाड्यांना खोली न्हाई त्यांचे ड्रायव्हर केबिनमधी झोपतात, न्हाईतर गाडीखाली. म्हणून आमाला समदे नशीबवान म्हणतात.

काम पाण्याचं. विहीर खंदायच्या यंत्राला रातदिवस पाणी लागतं. ट्यूबवेलवर टाकी भरायची आन विहिरीवर नेऊन रिकामी करायची. वाटा कच्च्या, शेतातल्या. उशीर झाला की तिथला इंजिनियर ठेकेदाराच्या मुनशीवर वरडतो आन मुनशी आमच्यावर.

पंडित गंगाखेडकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. गावाकडं असता तर आपल्या वस्तीत पाणी पिला नसता. त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणला, “आन की वैनीला. मी दिवसा शेडमधी झोपतो. फकस्त दोन टायमाला ज्वारीची भाकर दे. ह्या मेसच्या भातानं पार बेजार केलंय.” ज्वारी हितं मिळती, थापणारं मिळत न्हाई.

तवा पाठव. आईला पंडितचं सांगू नको.

सूर्यभान


पेडगाव,
१० डिसेंबर १९७४

भाऊ,

चंद्रभानमामा वहिनीला घेऊन शनिवारी निघतील. आई दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही, आज बोलली ती भांडायलाच.

गाडीला खोली आणि माणसाला नाही, हे वाचून माझं डोकं फिरलं होतं. पण नंतर वाटलं, एकदा वहिनी तिथं राहायला आली की त्या खोलीचं घर होईल. घरातून माणसांना उठवायला कुणाची हिंमत होत नाही.

पंडितचं तू म्हणालास म्हणून आईला सांगितलं नाही. लपवायचं काय आहे त्यात, मला कळलं नाही.

कौसल्या


कॅम्प,
२६ जानेवारी १९७५

कौसल्येस जयभीम.

आज सुट्टी, म्हणजे कागदावर. दोन फेऱ्या मारून आलो आन लिहायला बसलो.

चांगुणा खुशाल हाय. आली त्या दिवशी खोली बघून म्हणली, “ह्येच्यापेक्षा तुमची टाकी मोठी हाय की.” आता रुळली. पंडितनं पहिली भाकर खाल्ली आन दुसऱ्या दिवशी जिंतूरच्या दत्तरावला घेऊन आला. मग औंढ्याचे दोघं आले. आता आपल्याकडचे नऊ ड्रायव्हर ज्वारी आणून देतात आन ही थापती. कुणाच्या घरी काय पाळतात ते हितं कुणी काढत न्हाई. तुला बरं वाटंल म्हणून मुद्दाम लिहितो.

गाडी जरा नखरे करायलीय. ब्रेक दोनदा दाबल्याबिगर धरत न्हाई. चालतंय.

आईला दमा कसा हाय ते कळव.

सूर्यभान


पेडगाव,
९ फेब्रुवारी १९७५

भाऊ,

मला बरं वाटेल असं तुला का वाटलं? मी वहिनीला तिच्या नवऱ्याकडं पाठवलं होतं, खानावळीत नाही. इथं ती तिघांची चूल सांभाळत होती, तिथं तू तिला अकरा जणांच्या चुलीला जुंपलंस. ते एका पंगतीत बसतात म्हणून मी आनंद मानू का? त्यांना भूक लागली आहे आणि थापणारी बाई तिथं एकच आहे. त्या ड्रायव्हरांपैकी एकानं तरी तिला विचारलं का, दमलीस का म्हणून? तू विचारलंस?

आणि ब्रेक ‘चालतंय’ म्हणजे काय? ब्रेक धरत नाही ही गोष्ट तू पत्राच्या शेवटी, आईच्या दम्याच्या आधी एका ओळीत लिहितोस. गाडी गॅरेजला का लावत नाहीस? उलट टपाली उत्तर हवं आहे.

कौसल्या


कॅम्प,
२ मार्च १९७५

कौसल्ये,

तू लिहितीस ते परभणीच्या शाळेत बसून लिहितीस. हितला कायदा ऐक.

गाडी गॅरेजला लागली की दारावरचा नंबर पुसतात. खोली दुसऱ्या चालू गाडीला जाती. गॅरेजात गाडी आठ दिवसांत निघंल का दोन महिन्यांत, कुणाला मालूम न्हाई. दत्तरावच्या गाडीचं इंजिन खोललं तवा त्यानं पावसाळा रचलेल्या पाइपांच्या आत झोपून काढला. हे खोटं वाटंल तुला. मानूस मावतं त्यात, बसता येत न्हाई एवढंच.

म्हणून कुणी तक्रार करत न्हाई. सात नंबरचा पुढचा टायर फाटलाय. तीन नंबरचं स्टेअरिंग एका अंगाला ओढतं. समद्यांना समद्यांचं ठावं हाय आन समदे गप हायत. मी एकटा असतो तर पाइपात झोपलो असतो. आता बाईमानसाला घेऊन कुठं जाऊ? तूच पाठवलीस ना तिला?

पाण्याची गाडी लय वंगाळ. टाकी अर्धी असली आन ब्रेक मारला की पाणी पुढं येऊन गाडीला ढकलतं. परवा कालव्याच्या उतारावर तसंच झालं, सरळ मोहरीच्या शेतात शिरलो. शेतात मानूस न्हवतं. चांगुणाला यातलं काही सांगितलं न्हाई. तूबी कळवू नको.

सूर्यभान


पेडगाव,
१६ मार्च १९७५

भाऊ,

तुझं पत्र वाचल्यापासून मला झोप नाही. तू रोज त्या गाडीवर चढतोस आणि मी इथं मुलांना नागरिकशास्त्र शिकवते.

मंगळवारी अर्धी रजा टाकून मजुरांच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं सगळं ऐकून घेतलं, चहाही मागवला. मग म्हणाला, “बाई, गाडी गुजरातेत, ठेकेदार गुजरातचा, तुम्ही पेडगावच्या. यात परभणी कुठं येती?” मी म्हटलं, माणूस परभणीचा आहे. तो हसला. मला त्याचं हसणं अजून दिसतं.

म्हणून मी तुमच्या ठेकेदारालाच लिहिलं. इंग्रजीत, रजिस्टरनं, खाली माझी सही आणि सहीपुढं पदवी. भाषा अगदी सभ्य ठेवली आहे. मागणं दोनच आहेत. चौदा नंबरचे ब्रेक दुरुस्त करावेत आणि तेवढ्या दिवसांत कुटुंबाला खोलीतून काढू नये. यात कुणालाही नाही म्हणता येईल असं काही नाही. तू रागावशील, पण भाऊ, कुणीतरी उघड बोलल्याशिवाय हे थांबणार कसं?

कौसल्या


कॅम्प,
७ एप्रिल १९७५

कौसल्ये,

तुझं रजिस्टर पोचलं.

मुनशीनं सकाळी समद्या ड्रायव्हरांना शेडपुढं उभं केलं आन तुझं इंग्रजी वाचलं. सहीपुढचं बी.ए. दोनदा वाचलं. मग मला म्हणला, “सूर्यभान, तुम्हारी बहन खुद लिखती है कि चौदा नंबर खराब है. फिर खराब गाडी को कमरा कैसा?” तिथंच मानूस पाठवून रॉकेलच्या बोळ्यानं दारावरचा नंबर पुसला. दुपारपर्यंत आमची भांडी बाहेर. सांजच्याला दारावर २२ लिहिलेलं.

तुला वाटंल, गाडी तरी दुरुस्तीला लागली. कागदावर लागली. कागदावर ती गॅरेजात उभी हाय, आन रस्त्यावर पंडितच्या हातात हाय. त्याला दोन्ही पाळ्यांना तीच गाडी दिलीय, तीच तसल्या ब्रेकची. मला काम न्हाई. बसून हाय.

आमी पाइपांच्या थप्पीला ताडपत्री बांधून राहतो. पहिल्या दिवशी चांगुणानं एकच इचारलं, “ब्रेकचं मला कामून सांगितलं न्हाई? समद्या कॅम्पाला मालूम, परभणीला मालूम, आन मी तुमच्या शेजारी झोपते तर मला न्हाई?” तवापासून कामापुरतं बोलती.

तू आता कुणाला काही लिहू नको. तुझ्या लिहिण्यानं आमचं छप्पर गेलं.

सूर्यभान


पेडगाव,
१६ एप्रिल १९७५

भाऊ,

परवा जयंतीला वस्तीतल्या लोकांनी मला भाषणाला उभं केलं. कामगारांच्या हक्कांवर बोलायचं ठरवून गेले होते, टिपणही काढलं होतं. उभी राहिले आणि तुमची ताडपत्री डोळ्यापुढं आली. चार वाक्यं बोलून खाली बसले. लोकांना वाटलं, पोरगी लाजली.

मी खरं तेच लिहिलं होतं आणि त्यांनी त्या खऱ्याचाच वापर केला. याची चीड कुणावर काढू ते कळत नाही.

तुम्ही दोघं परत या. वहिनीला आधी पाठव. मामा घ्यायला येतील. आई रोज म्हणते, मी सांगत होते. म्हणू दे. या.

कौसल्या


कॅम्प,
५ मे १९७५

कौसल्येस जयभीम.

रागात लिहिलं होतं, ते सोड. आता नवंच झालंय.

तुझं पत्र चांगुणाला वाचून दाखवलं. ती येत न्हाई. म्हणली, “आणायच्या टायमाला मला कुणी इचारलं न्हाई. न्यायच्या टायमाला तरी इचारा.”

चूल तिनं ताडपत्रीखालीच मांडली होती. समदे पहिल्यासारखे जेवायला येत होते. आठ-धा दिवसांमागं शनवारी पंडित फेरी संपवून आला आन वळीत बसला. हिनं समद्यांना वाढलं, त्याच्यापुढं ताटच ठेवलं न्हाई.

“वैनी, माझं ताट?”

“चौदा नंबरची चावी कुणाच्या खिशात हाय?”

“माझ्या.”

“मग ह्या चुलीवर तुमची भाकर न्हाई.”

समदे हासले. दत्तराव म्हणला, “पंडित, आज उपास धर गड्या, पुण्य लागंल.” पंडितबी हासला. ही हासली न्हाई. म्हणली, “ज्याला मी सकाळी जेवू घालते तो सांजच्याला परत आला पायजे. येतो का न्हाई ते ब्रेकवर हाय, त्याच्यासाठी मी पीठ मळत न्हाई.” मग कुणी हासलं न्हाई. पंडित उठून मेसला गेला.

मी तिला म्हणलं, आगं त्याची काय चूक? तो चावी परत देईल तर त्याची हजेरी बुडंल. ती म्हणली, “तुमचीबी काय चूक न्हवती. तुमीबी चालवतच होता.”

पंडितनं दोन दिवस मेसचा भात खाल्ला. तिसऱ्या दिवशी मुनशीच्या टेबलावर चावी ठेवून आला आन वळीत बसला. हिनं ताट ठेवलं. मुनशीनं चावी दत्तरावला दिली. दत्तराव लय खादाड, त्यानं एका जेवणातच परत केली. औंढ्याच्या दोघांनी तर हातच लावला न्हाई. गाडी उभी राहिली. तिकडं विहिरीवर इंजिनियर पाण्यासाठी वरडायलाय.

मग मुनशी आला. म्हणला, ही ताडपत्री कंपनीची हाय. चांगुणा त्याला म्हणली, “घेऊन जा. उनाचं काय, आमच्याकडंबी हायच.” नेली सोडून. आता पाइपांच्या सावलीत बसतो आन सावली फिरंल तसं भांडी सरकवतो. ड्रायव्हर लोकांनी आपल्या चादरी गाठी मारून वर बांधल्यात, पण वारा आला की उडतात.

ना गाडी, ना खोली, ना ताडपत्री. मला वाटतं निघावं, ही ऐकत न्हाई. मी दोन-अडीच वर्षं गाडी चालवतो, हिनं एका ताटानं उभी केली, आन ते बरं झालं का वाईट झालं ते मला सांगता येत न्हाई. तू शिकलेली हायस. तू सांग.

सूर्यभान


पेडगाव,
१४ मे १९७५

भाऊ,

मला माहीत नाही.

तीन कागद लिहून फाडले. एकात तुम्हाला परत बोलावलं होतं, दुसऱ्यात तिथंच राहा म्हटलं होतं. तिसऱ्यात मजुरांच्या कायद्याची कलमं होती. तुमच्या डोक्यावर चादर टिकत नाही आणि मी कलमं उतरवून काढत होते.

इथून पुढचं वहिनीला वाचून दाखव.

वहिनी, तुमचं बरोबर आहे. तुम्हाला मी विचारलं नाही. आई आणि भाऊ यांच्याशी तुमच्यासाठी भांडले, पण तुम्ही त्याच घरात दोन हातांवर बसला होता आणि तुम्हाला जायचं आहे का हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. नंतर खानावळीवरून भाऊला रागावले, तेव्हाही तुम्हाला विचारलं नाही. त्या चुलीला मी जू म्हटलं होतं. मला दुरून तेवढंच दिसलं.

आता विचारते. शाळेला जूनपर्यंत सुट्टी आहे. आईला सरजाबाई मावशीकडं ठेवता येईल, हे आईनं स्वतःच ठरवलं आहे. मी तिकडं येऊ का? माझा काही उपयोग होईल का? की माझ्या येण्यानं तुमची अडचणच वाढेल? नको असेन तर तसं स्पष्ट कळवा, मला राग येणार नाही. येईल, पण मी तो आवरेन.

आणि यायचं असेल तर काय आणू?

कौसल्या


कॅम्प,
२४ मे १९७५

कौसाबाईस चांगुणाचा जयभीम.

लिहिणार पंडित. तुमचे भाऊ लिहितो म्हणले, पण ते मधी मधी स्वताचं घालतात.

चौदा नंबर अजून ट्यूबवेलपाशी उभी हाय. मुनशी काल मिस्त्रीला घेऊन आला. त्यानं चाक काढलं, बघितलं, आन सामान न्हाई म्हणून तसंच ठेवून गेला. खोली दिल्याली न्हाई. ताडपत्री दिल्याली न्हाई. मी मागायला जानार न्हाई. रातीचं बरं वाटतं, दुपारी लय तापतं.

तुमच्या कागदाचा मला राग न्हवता. मला न सांगितल्याचा राग होता, तो तुमच्या भावावर होता, आन अजून थोडा हाय.

आता जेवायला बसायच्या आधी ज्यो त्यो आपली गाडी काय करायलीय ते सांगतो. मी इचारत न्हाई, त्येच सांगतात. सात नंबरवाल्यानं परवा फाटक्या टायरचं सांगितलं. म्या म्हणलं, मग? तो म्हणला, ठेवली चावी. आज तीन नंबरवाल्यानं ठेवली. किती दिवस टिकतंय ते मला ठावं न्हाई. मुनशी म्हणतो बाहेरून नवे ड्रायव्हर आनतो. आनू दे. त्येबी जेवनारच की.

(हे माझं, पंडितचं : ताई, मी दोन दिवस भात खाल्ला. सूर्यभाननं लिहिलंच असंल. मी हितं कुणाच्या हातचं जेवतो ते आमच्या घरी गंगाखेडला कळवू नका. कळवलं तरी चालंल.)

या म्हणून इचारलंत, म्हणून सांगते. या. हितं पाइपाला टेकून बसावं लागतंय, ते आधीच सांगते. लिहायचं काम पडंल, पण काय लिहायचं ते आधी समदे मिळून ठरवू, मग लिहा.

ज्वारी आनू नका, हितं हाय. पलीकडच्या विहिरीवरचे ड्रायव्हरबी कालपासून येयलालेत. येताना मोठ्यातला मोठा तवा आना.